नळीच्या आतला अंधार

दुर्बीण बनवणाऱ्या माणसाचा सगळा जीव आरशात असतो. सहा इंची काच आणायची, कार्बोरंडमच्या जाड पुडीपासून बारीक पुडीपर्यंत ती घासत न्यायची, पिचच्या लॅपवर पॉलिश करायची, मग फूको चाचणीच्या पात्याआड सावल्या निरखत पृष्ठभाग पॅराबोलाच्या जवळ आणायचा. चूक एक अष्टमांश तरंगलांबीच्या, म्हणजे सुमारे ७० नॅनोमीटरच्या आत राखायची म्हणून लोक कितीतरी रात्री घालवतात. शेवटी आरशावर ॲल्युमिनियमचा थर चढून येतो आणि तिथून घाई सुरू होते. नळी एका दुपारीच उरकली जाते. दुकानात मिळेल तो काळा स्प्रे आतून मारायचा, वास जायच्या आत आरसा बसवायचा आणि रात्री गच्ची गाठायची. हे पुस्तक त्या एका दुपारीविषयी आहे. त्या दुपारीचा निदान एक आठवडा व्हावा, एवढीच माझी मागणी आहे आणि ती का, हे सांगायला ही प्रस्तावना.

दुर्बिणीत दोन प्रकारचा प्रकाश शिरतो. एक ज्याला आपण बोलावलेले असते: दूरच्या दीर्घिकेचा, तेजोमेघाचा, शनीच्या कड्यांचा. तो आरशावर पडतो, ठरलेल्या वाटेने नेत्रिकेत येतो. दुसरा न बोलावता येतो. रस्त्यावरच्या दिव्याचा, शेजारच्या खिडकीचा, क्षितिजाजवळच्या उजळ आकाशाचा, नजरेच्या क्षेत्राबाहेर असलेल्या चंद्राचा. तो नळीच्या भिंतीवर आपटतो, स्क्रूच्या डोक्यावरून उडतो, नेत्रिका धरणाऱ्या फोकसरच्या आतल्या गुळगुळीत भिंतीवरून घसरतो आणि शेवटी त्याच नेत्रिकेत पोचतो. याला आपण भटका प्रकाश म्हणू. त्याने प्रतिमा पुसट होत नाही, हे आधी नीट समजून घ्यायला हवे. तारे टोकदारच दिसतात, गुरूची कडा रेखीवच राहते. फक्त सगळ्यावर एक फिके पाणी फिरल्यासारखे होते. म्हणूनच दोष कुणाच्या लक्षात येत नाही. माणूस आरशाला बोल लावतो, आकाशाला लावतो, नवी महागडी नेत्रिका आणतो. नळीकडे मात्र वळून बघत नाही.

हिशेब साधा आहे. समजा, एखादी दीर्घिका भोवतालच्या आकाशापेक्षा १० टक्के उजळ आहे. आकाशाच्या उजेडाइतकाच भटका प्रकाश नळीतून प्रतिमेवर येऊन पडला, तर तो दीर्घिकेवरही पडतो आणि तिच्या पार्श्वभूमीवरही. फरक तेवढाच राहिला, पण पाया दुप्पट झाला. १० टक्क्यांचे ५ टक्के झाले. मंद उजेडात डोळ्याला आधीच फरक ओळखणे जड जाते, तिथे ही निम्मी घट म्हणजे दिसणे आणि न दिसणे यांच्यातला फरक आहे. आणि भटका प्रकाश आकाशाइतका होणे ही काही अशक्य गोष्ट नाही. नुसत्या डोळ्यांना जेमतेम दिसणाऱ्या सहाव्या प्रतीच्या ताऱ्यापेक्षा पौर्णिमेचा चंद्र सुमारे ३ कोटी पट प्रकाश देतो. त्या चंद्राच्या प्रकाशाचा दशलक्षांश भाग जरी आडवाटेने नेत्रिकेत घुसला, तरी तो अशा तीस ताऱ्यांइतका ठरतो.

आपल्याकडे हा प्रश्न आता जास्त टोकदार झाला आहे. पुण्यात ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून हौशी निरीक्षकांना एकत्र आणते आहे. तिथल्याच आयुका या खगोलशास्त्र केंद्रातल्या दुर्बीण बनवण्याच्या कार्यशाळांतून अनेकांनी स्वतःच्या हाताने आरसे घासले आहेत. पण आज यातले बहुतेक जण शहरातल्या गच्चीवरून बघतात आणि गच्चीच्या कठड्यापलीकडे पांढरे एलईडी दिवे असतात. आकाश काळे करणे आपल्या हातात नाही. नळी काळी करणे आहे.

काळा रंग म्हणजे नेमके काय, हा प्रश्न मग सोडवावाच लागतो. कुठल्याही रंगात दोन वस्तू असतात: काजळीसारखे रंगद्रव्य आणि ते धरून ठेवणारा चिकट पदार्थ, म्हणजे बाइंडर. कार्बनचे कण प्रकाश गिळतात हे खरे, पण प्रकाशाला त्या कणांपर्यंत पोचण्याआधी बाइंडरच्या पृष्ठभागातून आत जावे लागते. बाइंडरचा वक्रीभवनांक साधारण १.५ असतो आणि असा कोणताही पृष्ठभाग समोरून आलेल्या प्रकाशापैकी सुमारे ४ टक्के परत फेकतो. आत कितीही काळे द्रव्य असो, हे ४ टक्के दारातूनच परत जातात. फ्रेंच शास्त्रज्ञ ऑगस्टँ फ्रेनेलने एकोणिसाव्या शतकात दिलेली सूत्रे वापरली, की पुढची आणि खरी वाईट बातमी कळते. प्रकाश जितका तिरपा येईल, तितके परावर्तन वाढते. पृष्ठभागाच्या लंबाशी ८० अंशांचा कोन करून आलेल्या किरणांपैकी गुळगुळीत पृष्ठभागावरून सुमारे ३९ टक्के परत उडतात. ८५ अंशांना ६१ टक्के. डांबरी रस्ता भर दुपारी पायाखाली काळाच दिसतो, पण संध्याकाळी समोरून गाडी आली की तोच रस्ता दूरवर चकाकतो. नळीत हेच घडते. नळी लांब आणि अरुंद असल्यामुळे तिच्या भिंतीवर येणारा जवळजवळ सगळा प्रकाश तिरपाच असतो. डब्यावर छापलेला आकडा मात्र समोरून येणाऱ्या प्रकाशाचा असतो.

मॅट रंग इथे काय करतो? तो दोन कामे करतो आणि ती वेगवेगळी आहेत. एक, प्रकाश शोषणे. दोन, जो उरला तो एका दिशेने न पाठवता सगळीकडे उधळणे. खडबडीत पृष्ठभागावर तिरप्या किरणालाही छोटे छोटे उभे चढ भेटतात, तो त्यांच्या खोबणीत एकदोनदा आपटतो आणि दर आपटीला कमी होतो. एका आपटीत ५ टक्के उरत असतील, तर दोन आपटींत पाव टक्काच उरतो. जुने हौशी कारागीर रंगात लाकडाचा बारीक भुसा मिसळत, किंवा ओल्या रंगावर भुसा भुरभुरवून वरून पुन्हा काळा हात देत, त्यामागे हेच होते. ती युक्ती आजही उत्तम आहे. भुसा झटकून सुटे कण काढायचे आणि दुसरा हात नीट द्यायचा, एवढी दक्षता घेतली तर फळ्याला लावायच्या काळ्या रंगातूनही चांगले काम निघते.

पण खडबडीतपणा हाच एकमेव उपाय नाही. दाढीच्या ब्लेडचे पोलाद चकचकीत असते. अशा कितीतरी ब्लेडा एकावर एक रचून घट्ट आवळा आणि धारेच्या बाजूने बघा: मखमलीसारखा काळा ठिपका दिसतो. दोन धारांमधल्या पाचरीत शिरलेला प्रकाश आपटत आपटत आत जातो आणि बाहेर यायच्या आधी संपतो. प्रयोगशाळांत लेझरचा नको असलेला झोत जिरवायला असा गठ्ठा वापरतात. अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ रॉबर्ट वुडने काळ्या काचेची, शिंगासारखी वळत निमुळती होत जाणारी नळी याच कामासाठी सुचवली. ती चक्क चकचकीत असते. उरलेला प्रकाश कुठे जाणार हे आपण ठरवले असेल, तर चकाकी कामाची. ठरवले नसेल, तर ती घातक.

इथे मला या पुस्तकातले सर्वात महत्त्वाचे काम सांगायचे आहे, आणि त्याला रंगाचा थेंबही लागत नाही. दिवसा दुर्बीण बाहेर काढा, सूर्याकडे पाठ करून आकाशाच्या उजळ भागाकडे रोखा. सूर्याच्या जवळपास ती कधीही वळवायची नाही. नेत्रिका काढून ठेवा. फोकसरच्या तोंडावर मधोमध बारीक भोक पाडलेले झाकण बसवा आणि त्या भोकातून आत बघा. आता तुम्ही नेत्रिकेच्या जागी आहात. मधोमध दुय्यम आरसा दिसेल, त्यात मुख्य आरसा, त्यात आकाश. हा बोलावलेला उजेड. बाकी जे जे उजळ दिसते, ते सगळे चोरवाटेने आलेले आहे. फोकसरच्या आतल्या भिंतीवर चंद्रकोरीसारखी लखलखती पट्टी दिसते. बहुतेक दुर्बिणींत हीच सर्वात मोठी गुन्हेगार. दुय्यम आरशाची न रंगवलेली कड पांढऱ्या रेघेसारखी दिसते. त्यामागे नळीची समोरची भिंत, नळीच्या तोंडातून आलेल्या उजेडात करडी झालेली. एखादा स्टीलचा वॉशर, एखाद्या नटाचा कोपरा. पीव्हीसी पाइपची नळी असेल आणि रंग पातळ बसला असेल, तर खालचा राखाडी रंग डोकावतो. नळीचे तोंड फोकसरच्या फार जवळ कापलेले असेल, तर समोरच्या काठावरून थेट आकाशच दिसते, आणि मग रंगाचा प्रश्नच उरत नाही, नळीच लांबवावी लागते. फोकसरच्या पुढे निदान नळीच्या व्यासाइतकी लांबी असावी, हा जुना ठोकताळा मी प्रत्येकाला सांगतो.

मोठ्या वेधशाळांचे आणि उपग्रहांचे अभियंते हेच करतात, फक्त संगणकावर लाखो किरण सोडून. ते दोन याद्या करतात: डिटेक्टरला दिसणारे पृष्ठभाग आणि बाहेरचा उजेड पडणारे पृष्ठभाग. जे दोन्ही याद्यांत आहेत, ते आधी शक्य तर हलवायचे, नाहीतर आडोसा घालून झाकायचे, आणि तेही जमले नाही तर काळे करायचे. रंग तिसऱ्या क्रमांकावर आहे. हौशी मंडळींच्या गप्पांत तो पहिल्या क्रमांकावर जातो, कारण डबा विकत मिळतो आणि आडोसा मोजून, कापून बसवावा लागतो. नळीत ठरावीक अंतरावर बसवलेल्या, धारदार काठाच्या चार-पाच कड्या काय करू शकतात, हे ज्याने एकदा भोकातून पाहिले, तो पुन्हा नुसत्या रंगावर विसंबत नाही.

अलीकडच्या अतिकाळ्या लेपांनी या विषयाला भलतेच वलय दिले. त्यांचे कौतुक मलाही आहे. २०१४ साली इंग्लंडच्या सरे नॅनोसिस्टिम्सने व्हँटाब्लॅक जाहीर केले: पृष्ठभागावर उभ्या वाढवलेल्या कार्बनच्या सूक्ष्म नळ्यांचे दाट रान, ९९.९६५ टक्के प्रकाश शोषणारे. प्रकाश नळ्यांच्या मधल्या पोकळीत शिरतो आणि आपटत आपटत विझतो. ब्लेडच्या गठ्ठ्याचाच न्याय, फक्त मोजमाप नॅनोमीटरचे. दोन वर्षांनी मुंबईत जन्मलेले शिल्पकार अनिश कपूर यांना कलेतल्या वापराचे एकाधिकार मिळाले, त्यावरून कलाकारांत मोठा वाद झाला आणि हे नाव घरोघरी पोचले. त्या गदारोळात एक गोष्ट मागे पडली, ती मला जास्त मोलाची वाटते. हा लेप अवकाशात पहिल्यांदा गेला तो डिसेंबर २०१५ मध्ये, केंट रिज-१ या सिंगापूरच्या उपग्रहावरच्या तारे ओळखणाऱ्या कॅमेऱ्यात, आणि तो उपग्रह उडाला श्रीहरिकोट्याहून, आपल्या पीएसएलव्ही रॉकेटवर. उपग्रहाला आपले तोंड कुठे आहे हे ताऱ्यांवरून कळते. सूर्याचा किंवा पृथ्वीचा उजेड त्या कॅमेऱ्यात घुसला तर तारे बुडतात. या लेपाचे खरे घर ते.

घरी डब्यातून लावता येईल असा रंग म्हणजे जपानच्या कोयो ओरिएंटचा मुसो ब्लॅक. तो ९९.४ टक्के प्रकाश शोषतो असे कंपनी सांगते. साध्या मॅट रंगात ४-५ टक्के उरतात, इथे अर्ध्या टक्क्याच्या थोडे वर. म्हणजे सात-आठ पट फरक. फोकसरच्या समोरच्या भिंतीवर एक तळहातभर जागेत तो लावला, तर परिणाम लगेच दिसतो. पण त्याचा पृष्ठभाग नाजूक असतो. बोट लागले की तिथे चकाकी येते. फोकसरच्या सरकत्या नळीत, जिथे धातूवर धातू घासतो, तिथे तो लावणे व्यर्थ. तिथे बारीक आटे पाडलेले किंवा खरवडून खडबडीत केलेले धातू आणि त्यावर साधा, टणक मॅट रंग हेच टिकते. अवकाशयानांच्या उपकरणांत अनेक दशके वापरला गेलेला एरोग्लेझ झेड-३०६ हा रंगही काळेपणाच्या शर्यतीत पहिला नाही. तो निवडला जातो कारण तो चिकटून राहतो, त्याचे कण झडत नाहीत आणि नीट भाजून वाळवला तर निर्वातात त्यातून फारशी वाफ सुटत नाही.

झडणारे कण आणि सुटे धागे यांना मी एवढे महत्त्व का देतो, त्याचे उत्तर गायाच्या गोष्टीत आहे. युरोपीय अवकाश संस्थेचा हा उपग्रह १९ डिसेंबर २०१३ ला उडाला, आकाशगंगेतल्या अब्जाहून अधिक ताऱ्यांच्या जागा अचूक मोजण्यासाठी. त्याला सुमारे १० मीटर व्यासाची सूर्यछत्री होती. मोजमापे सुरू झाल्यावर दिसले की पार्श्वभूमीचा उजेड अपेक्षेपेक्षा बराच जास्त आहे आणि उपग्रहाच्या सहा तासांच्या फेऱ्याबरोबर तो कमीजास्त होतो. शोधाशोध झाली. छत्रीच्या कडेला कापडाचे बारीक तंतू बाहेर राहिले होते. त्यांच्यावर ऊन पडून ते छत्रीच्या आडोशापलीकडे, दुर्बिणीच्या दिशेने विखुरत होते. मंद ताऱ्यांच्या मोजमापाला त्याची झळ बसली, विशेषतः वर्णपटमापकाला. गायाने तरीही विज्ञानाला अपार दिले. पण इतक्या काळजीने बांधलेल्या यंत्राला कडेच्या तंतूंनी नडावे, हे प्रत्येक दुर्बीण बनवणाऱ्याने लक्षात ठेवावे. मखमल आतून चिकटवण्याची जुनी पद्धत काळेपणात उत्कृष्ट आहे, पण तिचे तंतू गळतात आणि आरशावर जाऊन बसतात.

दुसरे टोक पाहायचे असेल, तर आदित्य-एल१ कडे पाहावे. २ सप्टेंबर २०२३ ला निघालेल्या या यानावर बंगळुरूच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेने बांधलेला व्हीईएलसी हा किरीटदर्शक आहे. सूर्याचा किरीट, म्हणजे कोरोना, हा सूर्यबिंबाच्या जेमतेम दशलक्षांश तेजाचा असतो. बिंबाच्या शेजारीच तो बघायचा म्हणजे, बिंबाचा प्रकाश उपकरणातून हाकलून लावण्याचीच विद्या. फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ बर्नार लिओने १९३० च्या सुमारास फ्रान्समधल्या पिक द्यु मिदीच्या शिखरावर ग्रहणाशिवाय किरीट टिपला, तेव्हा त्याला कळले होते की भिंगावरची धूळ, काचेतला बुडबुडा आणि भिंगाच्या कडेवरून वळणारा प्रकाश हे तिघे मिळून किरीट बुडवतात. आदित्यच्या उपकरणात दुसऱ्या आरशाला मधोमध भोक आहे; बिंबाचा प्रकाश त्यातून निघून जातो आणि किरीटाचा तेवढा पुढे जातो. तिथे काळ्या लेपाची गरज आहेच, पण तो शेवटचा पहारेकरी आहे.

या पुस्तकात भिंगांवरच्या परावर्तनरोधक थरांची चर्चा नाही. तो स्वतंत्र विषय आहे. भिंगांच्या कडा काळ्या करण्याचे प्रकरण मात्र आहे आणि ते वाचताना एक फरक ध्यानात घ्यावा. काचेच्या कडेवर रंग मॅट आहे की चकचकीत, याला महत्त्व नाही, कारण तिथे प्रकाश काचेच्या आतून येतो. रंग काचेला हवेचा थर न राहता चिकटला पाहिजे आणि त्याचा वक्रीभवनांक काचेच्या जवळपास पाहिजे, म्हणजे प्रकाश काचेतून रंगात उतरतो आणि तिथे जिरतो. नाहीतर तो कडेवरून पूर्ण परावर्तित होऊन परत आत येतो.

जे कॅमेरा लावून छायाचित्रे काढतात, त्यांच्यासाठी आणखी एक इशारा. डोळ्याला काळे दिसते ते कॅमेऱ्याला काळे असेलच असे नाही. ॲल्युमिनियमवर चढवलेला काळा ॲनोडाइझचा थर अनेकदा सेंद्रिय रंगाने रंगवलेला असतो आणि असे रंग अवरक्त प्रकाशाला जवळजवळ पारदर्शक असतात. अवरक्त गाळणी काढलेल्या कॅमेऱ्यातून अशी नळी उजळ राखाडी दिसते. कार्बनच्या रंगद्रव्यात हा दोष नाही. म्हणून विकत घेतलेल्या काळ्या भागावरही मी कार्बनचा मॅट रंग पुन्हा मारायला सांगतो.

उरला आपला पावसाळा. कोकणात आणि मुंबईत जून ते सप्टेंबर हवेत इतका ओलावा असतो की मखमल, भुसा, कागद, पुठ्ठा, जे काही ओल धरते, त्यावर बुरशी येते आणि ती तिथून आरशाकडे सरकते. त्या भागातल्या वाचकांनी भुसा वापरला तर तो रंगात पूर्ण बुडालेला असावा, उघडा राहू नये. मखमली लवीचा, चिकटवायचा फ्लॉक कागद उन्हाळ्यात गोंद सुटून लोंबू लागतो. कडांना शिवण घालता येत नसेल तर तिथे रंगच बरा. आणि रंग कोणताही असो, नळी रंगवून झाल्यावर ती उघडी, उन्हाच्या झळीत पण धुळीपासून दूर, चांगले आठ-दहा दिवस ठेवावी. ओल्या रंगातून सुटणारी वाफ आरशाच्या ॲल्युमिनियमवर बसली, तर तो पातळ पडदा धुऊन काढताना थराला ओरखडे पडतात. नाक जवळ नेऊन वास येत असेल, तर आरसा अजून बसवायचा नाही.